गोचिडाचा मुक्काम

मुळशी तालुक्यातले माण आज ओळखले जाते ते हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे आणि इथून शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेमुळे. त्या मार्गिकेचे आगार याच गावात आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडी-माणच्या शिवारातली जमीन टप्प्याटप्प्याने औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली. या बदलाबद्दल जमिनीचे भाव, वाहतुकीची कोंडी, पाणी अशा अंगांनी पुष्कळ लिहून झाले. गुरांच्या अंगाने फारसे कोणी लिहिले नाही. माळ आटले तसे जनावर दावणीला आले, आणि ते दावणीला आल्यावर त्याच्या अंगावरचा गोचीड आणि पोटातला जंतही बदलला. गोचीड व जंत यांवरच्या औषधांची तुलना एरवी दोन बाटल्यांमध्ये होते: कोणती स्वस्त, कोणती लवकर लागू पडते, कोणत्या औषधाने जास्त मरतात. ही तुलना अपुरी आहे असे माझे म्हणणे आहे. परजीवी आयुष्याचा मोठा भाग जनावराबाहेर काढतो. त्यामुळे कोणताही उपाय जोखायचा तर आधी परजीवीचा मुक्काम कुठे आहे हे पाहावे लागते, आणि पुण्याच्या पश्चिम भागात हा मुक्काम गेल्या शंभर वर्षांत किमान दोनदा हलला आहे.

आपल्याकडच्या गाईगुरांवर प्रामुख्याने दोन जातींचे गोचीड आढळतात आणि त्यांचा स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट आहे. पहिला ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. जुन्या पुस्तकांत तो बूफिलस या नावाने येतो. हा रानातला. त्याचे बारीक पिल्लू गवताच्या शेंड्यावर जनावराची वाट पाहत बसते, एकदा चिकटले की त्याच जनावरावर दोनदा कात टाकते आणि साधारण तीन आठवड्यांत पूर्ण वाढते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. दुसरा हायलोमा. हा गोठ्यातला. रक्त पिऊन झाले की तो जनावर सोडतो, भिंतीच्या फटीत, गव्हाणीच्या सांध्यात, दगडांच्या बेचक्यात शिरतो, तिथे कात टाकतो आणि पुन्हा नव्या जनावराच्या शोधात निघतो. पूर्ण वाढलेला हायलोमा फटीत उपाशीपोटी महिनोन्महिने राहू शकतो. पहिल्यामुळे बबेसियाचा आजार होतो, त्यात लघवी लाल होते. दुसऱ्यामुळे थायलेरिया होतो, शेतकरी ज्याला सरळ गोचीडताप म्हणतात. यात आणखी एक फरक आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बबेसिया मादीकडून अंड्यांत उतरतो, म्हणजे पुढची पिढी जन्मतःच रोग घेऊन येते. थायलेरिया अंड्यांत उतरत नाही. प्रत्येक पिढीतल्या गोचिडाला तो आजारी किंवा बरे होऊन रोग बाळगणाऱ्या जनावराकडून नव्याने घ्यावा लागतो. म्हणजे फटीतला गोचीड आणि दावणीची गाय यांची गाठ तोडता आली तर हा रोग त्या गोठ्यापुरता खरोखर थांबवता येतो.

रानात चरण्याच्या काळात हे कसे चालत असे? मुळशी हा भाताचा तालुका. पश्चिमेकडे ताम्हिणीच्या बाजूला पाऊस कोसळतो, माणकडे येईपर्यंत तो बराच ओसरतो. गुरे दिवसभर डोंगरउतारावर आणि गायरानात असत, रात्री घराच्याच छपराखाली बांधली जात. गोठ्याची झाडलोट रोजची, आणि ती बहुतेक बायकांच्या अंगावर: शेण काढणे, मूत वाहून जाईल असा उतार ठेवणे, सारवण, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी. गुराखी पोर गोचीड हाताने वेचून काढी. करंजाचे तेल, तंबाखूचे पाणी, सीताफळाच्या बियांची पूड, वेखंड हे उपाय ठाऊक होते. त्यांतला तंबाखू खरोखर विषारी आहे, गोचिडाला तसा जनावरालाही. पण या सगळ्यांपेक्षा परिणामकारक अशी एक गोष्ट भातशेतीच्या रिवाजातच होती, आणि तिचा गोचिडाशी संबंध जोडलेला सहसा दिसत नाही. ती म्हणजे राब. रोपे टाकायच्या जागी शेण, पालापाचोळा, गवत, फांद्या यांचे थर देऊन ते पावसाआधी भाजायचे, ही मावळापासून कोकणापर्यंतची पद्धत. गोठ्यातले वर्षाचे शेण आणि केरकचरा उन्हाळ्यात शेतावर जाऊन जळत असे. यामागचा हेतू तण मारणे आणि रोपाला जोर देणे हा होता, गोचीड मारणे हा नव्हता. तरीही पावसाळा तोंडावर असताना, नेमके ज्या दिवसांत गोचिडांची संख्या भराभर वाढते त्याच्या आधी, त्यांचे आसरे आगीत जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राबावर मुंबई इलाख्यात मोठा वाद झाला, पण तो सारा जंगलाच्या फांद्या तोडण्यावरून. त्या वादात गोठ्याची बाजू कोणी मांडली असे मला आढळलेले नाही.

सरकारी पशुवैद्यकाचे लक्ष तेव्हा वेगळीकडे होते, आणि त्याला कारण होते. बुळकांडी आली की गावेच्या गावे बैलांवाचून पडत. १८७१ च्या गुरांच्या साथीसंबंधी आयोगाच्या शिफारशींतून पुढे ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा हा जन्म पुण्यातला. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. सांसर्गिक जंतूंवरचे काम भर वस्तीत नको म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. बुळकांडीवर मिळालेला विजय ही या शास्त्राची फार मोठी कामगिरी आहे. २०११ मध्ये हा रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पण मरणाची नोंद होते, झिजण्याची होत नाही. गोचिडाने रोज थोडे रक्त नेले, जंताने वासराची वाढ खुंटवली, तर ते कुठल्या दप्तरात चढत नाही. परजीवींचा बंदोबस्त म्हणून घरकामातच राहिला, आणि घरकामाला जी किंमत मिळते तीच त्याला मिळाली.

मग माळ आटू लागले. माणपासून फार दूर नसलेल्या पिंपळे सौदागरचा अभ्यास पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. तिथली सरासरी जमीनधारणा १७७१ साली सुमारे ४० एकर होती, ती १९१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आली होती. ७ एकरांचा धनी जमीन पडीक ठेवून चराऊ राखू शकत नाही. म्हणजे कंपन्यांच्या काचेच्या इमारती येण्याच्या कितीतरी आधीपासून गाय हळूहळू दावणीकडे सरकत होती. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला बाएफ ही संस्था स्थापली. गोठवलेल्या रेताच्या कांड्या आणि संकरित कालवडी पुणे जिल्ह्याच्या गावागावांत पोचल्या. जिल्हा दूध संघ १९६० पासूनचा. दुधाचा रोजचा पैसा आला आणि ज्याच्या घरी तो आला त्याला त्याचे मोल नीट कळले. पण जर्सी आणि होल्स्टीन-फ्रिजियन रक्ताची गाय दिवसभर डोंगरावर हिंडवून चालत नाही. ती गोठ्यातच राहणार, आणि गोठा म्हणजे हायलोमाचे राज्य. देशी वासरू थायलेरियाला लहानपणीच सामोरे जाते आणि बहुधा निभावून नेते. संकरित गाईला मात्र १०५-१०६ अंश ताप चढतो, खांद्यापुढची गाठ सुजते, रक्त पांढुरके पडते, दूध एका दिवसात आटते. उपचार वेळेवर झाला नाही तर ती दगावते. गोचीडताप महाराष्ट्रातल्या गोठ्यांत घरोघरचा शब्द झाला तो या संकरित गाईंमुळे.

औषधांचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचला तर वेगळा दिसतो. गोचीड रोग पसरवतो हे १८९३ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबर्न यांनी सिद्ध केले, आणि १९०६ पासून १९४३ पर्यंत तिथे गोचीड उच्चाटनाची मोहीम चालली. तिची आठवण निघते ती सोमलाच्या पाण्याने भरलेल्या हौदांतून गुरे पोहवण्याबद्दल. त्या मोहिमेचा दुसरा निम्मा भाग कुराणे महिनोन्महिने मोकळी ठेवून गवतावरची पिल्ले उपाशी मारण्याचा होता, तो विसरला जातो. ऑस्ट्रेलियाने हौदांवरच भिस्त ठेवली आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस सोमलाला न जुमानणारे गोचीड तिथे निघाले. आपल्याकडे डीडीटी गावोगाव पोचली ती १९५३ मध्ये सुरू झालेल्या हिवताप नियंत्रण कार्यक्रमातून. फवारा घराच्या भिंतींवर बसे, आणि घर-गोठा एकाच छपराखाली असलेल्या मुळशी-मावळच्या गावांत तो गोठ्यातल्या फटींपर्यंतही गेला असणार. मग बीएचसीची पावडर आली. गावोगाव ती गॅमेक्झिन म्हणून ओळखली जाई आणि जनावराच्या अंगावर सरळ चोळली जाई. किंमत चुकवली दुधाने. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बारा राज्यांतल्या दुधाच्या नमुन्यांपैकी सुमारे ८२ टक्क्यांत डीडीटीचे अंश सापडले. बीएचसीवर भारतात बंदी आली १९९७ मध्ये.

त्यानंतरची औषधे निश्चितच चांगली आहेत. सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन स्वस्त आहेत आणि सहज मिळतात. अमित्राझने गोचीड कातडी सोडून गळतात. फ्लुमेथ्रिन पाठीच्या कण्यावर नुसते ओतले तरी अंगभर पसरते. आयव्हरमेक्टिनची गोष्ट तर विज्ञानातल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे: जपानमधल्या मातीच्या एका नमुन्यातला सूक्ष्मजीव, सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांचे काम, १९८१ मध्ये बाजारात आलेले औषध आणि २०१५ चे नोबेल. कातडीखाली एक सुई, आणि पोटातले गोल जंत, उवा, खरजेचे किडे, काही अंशी गोचीडही खलास. पण हीच औषधे मुक्कामाच्या कसोटीवर लावून पाहा. मायक्रोप्लस तीन आठवडे एकाच जनावरावर राहतो, म्हणून सुई किंवा पाठीवरचे औषध त्याच्यावर चांगले चालते. हायलोमा जनावरावर पाहुण्यासारखा येतो आणि जातो. ज्या दिवशी गाईला औषध लावले त्या दिवशी त्यांच्यातले बहुसंख्य भिंतीत असतात. गाईच्या अंगावरचे मेले, आठ-पंधरा दिवसांत भिंतीतून नवे आले, की शेतकरी म्हणतो औषध भेसळीचे आहे, आणि पुढच्या वेळी मात्रा वाढवतो किंवा औषध बदलतो. कधी उलटेही होते. मोठ्या गाईचे अंग पूर्ण भिजायला काही लिटर द्रावण लागते, फवारले जाते अर्धा लिटर. अपुऱ्या मात्रेतून वाचलेले गोचीड पुढची पिढी घालतात. सायपरमेथ्रिन-डेल्टामेथ्रिनला दाद न देणाऱ्या गोचिडांच्या नोंदी भारतातल्या अनेक राज्यांतून झाल्या आहेत. आयव्हरमेक्टिन दुधात उतरते आणि शेणातही. शेणातून ते शेणकिड्यांना बाधते हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. ज्या तालुक्यात शेण हेच भाताचे खत आहे तिथे ही बाब किरकोळ नाही.

इथे एक आक्षेप सरळ उभा राहतो: बाहेरच्या देशांत हजारो गुरांच्या बंदिस्त पशुवाड्यांत हीच औषधे वापरून प्रश्न सुटला, मग इथे का सुटू नये? उत्तर त्या वाड्यांच्या रचनेत आहे. तिथे जनावर कुराणातून येते तेव्हा दारातच त्याला एकदा औषध देतात, आणि नंतरचे चार-सहा महिने ते गवताला तोंड लावत नाही. पोटातल्या जंताची अंडी शेणातून पडतात, पण त्यांतून निघालेल्या अळीला पुन्हा पोटात जायला गवत लागते. ते नसल्याने चक्र आपोआप तुटते. शेवटी जनावर कत्तलीला जाते, तेव्हा औषधानंतर किती दिवस थांबायचे याचा हिशेब एकदाच करावा लागतो. माणची गाय आठ-दहा वर्षे जगते, रोज दोन वेळा दूध देते, आणि तिच्यासाठी बांधावरचे ओले गवत रोज कापून आणले जाते. तिच्या बाबतीत रान बंद झालेले नाही, ते भाऱ्यात बांधून गोठ्यात येते. तिकडच्या तक्त्यांवरून इकडचे औषध निवडणे म्हणूनच चुकते.

भाताच्या मुलुखात रान असे भाऱ्यातून गोठ्यात येते याची सर्वांत स्पष्ट साक्ष देतो तो यकृतातला चपटा जंत, लिव्हर फ्लूक. त्याचे चक्र ए. पी. थॉमस आणि रुडॉल्फ लॉइकार्ट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे १८८१ ते १८८३ च्या दरम्यान उलगडले: शेणातून अंडी पाण्यात, पाण्यातून गोगलगाईत, गोगलगाईतून बाहेर पडून पाण्याकाठच्या गवतावर, तिथून गुराच्या पोटात. खाचरे, ओढे, पाणथळ बांध हे सगळे मुळशीत आहेच. गाय खंगते, जबड्याखाली पाणी साचते, दूध घटते. १९२० च्या दशकात कार्बन टेट्राक्लोराइड पाजत. ते मेंढ्यांना कसेबसे चाले, गाईंना घातक ठरे. नंतर ऑक्सिक्लोझानाइड आले, ते वाढ झालेल्या जंतांना मारते, कोवळ्यांना नाही. ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्यांनाही मारते, पण दुभत्या जनावरात ते जपून वापरावे लागते. म्हणजे भाताच्या दिवसांत ओले गवत खाल्लेल्या गाईला लगेच ऑक्सिक्लोझानाइड पाजले तर पोटातले कोवळे जंत वाचतात. तेच औषध दोन-अडीच महिने थांबून दिले तर कामी येते. इथे औषधाइतकेच वेळेला महत्त्व आहे, आणि वेळ ठरते भाताच्या पाण्यावरून. खाचराच्या कडेचे गवत टाळून वरकस जमिनीतले कापणे, पेंढा नीट वाळवून जुना झाल्यावर घालणे, या गोष्टींनी जे साधते ते कोणत्याही बाटलीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या उपायांचे गोडवे गाऊ नका, देशी गाय टिकली ती धुरीमुळे नव्हे, तिच्या अंगच्या प्रतिकारशक्तीमुळे, असे कोणी म्हटले तर ते बरोबर आहे. कडुनिंबाच्या धुराने हायलोमा फटीतून हलत नाही. थायलेरियावरचे बुपार्वाक्वोन हे औषध १९८० च्या दशकाच्या अखेरीस आले नसते तर संकरित गाईंचा हा डोलारा पुणे जिल्ह्यात उभा राहिला नसता, हेही मी मान्य करतो. त्या एका सुईने वाचलेल्या गाईंमागे अनेकांच्या मुलांच्या शाळेची फी आहे. थायलेरियावरची लसही आहे. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची ही लस द्रव नायट्रोजनमध्ये साठवावी लागते, आणि गावपातळीवर ती अडते ती तिथेच. पण बुपार्वाक्वोन रोग्याला वाचवते, गोचिडाला हात लावत नाही. बरी झालेली गाय रक्तात थायलेरिया बाळगून उभी राहते आणि फटीतल्या पुढच्या पिढीला तो देते. उपचार जितका यशस्वी, तितकी भिंतीची निकड मोठी.

भिंतीचे काम अवघड नाही. फटी सिमेंटने बुजवणे, चुना मारणे, उन्हाळ्यात फ्लेम गनने सांधे भाजणे, गाईसोबत गोठ्याच्या भिंतीही फवारणे आणि अंडी फुटल्यावर पुन्हा फवारणे. हे पशुसंवर्धन खाते आणि कृषी विज्ञान केंद्रे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. गेल्या काही वर्षांत पसरलेल्या मुक्त संचार गोठ्यात भिंती कमी आणि ऊन जास्त, म्हणून हायलोमाला आसरा कमी. त्यात बरेच शेतकरी गावठी कोंबड्या सोडतात, त्या गोचीड वेचून खातात. केनियात १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कोंबड्यांच्या पोटात खरोखरच भरपूर गोचीड सापडले होते. गुराखी पोराचे काम कोंबडी करते, आणि पोर शाळेत जाते. मला हा अलीकडचा सर्वांत शहाणा बदल वाटतो.

हा केवळ गाईचा प्रश्न आहे असेही आता म्हणता येत नाही. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत क्रायमियन-काँगो तापाचे रुग्ण आढळले, त्याचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाले, आणि तो ताप पसरवणारा गोचीड हायलोमाच. २०२२ मध्ये गुरांत लम्पी या त्वचारोगाची साथ आली तेव्हा गोचीड, माश्या, डास यांचा बंदोबस्त एकदम सरकारी आदेशाचा विषय झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या साहाय्याने विकसित केलेल्या लम्पीवरील लशीचे तंत्र औंधच्या पशुवैद्यकीय जैव उत्पादन संस्थेला उत्पादनासाठी देण्याचा करार झाला. औंध माणपासून फार दूर नाही. लशी तयार करण्याची ही क्षमता अभिमानाची आहे. फवारणीचे आदेश मात्र साथ ओसरल्यावर विरले.

शेवटचा आक्षेप पैशाचा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. माण-हिंजवडीच्या पट्ट्यात दुधाला गिऱ्हाईक दारात आहे. नव्या सोसायट्यांत ताज्या दुधाला भाव मिळतो. पण जमीन उद्या विकली जाईल किंवा संपादनात जाईल, अशा स्थितीत तिच्यावर पक्का गोठा कोण बांधेल? चार बांबू, पत्रे, जुन्या विटांचा आडोसा असा तात्पुरता गोठा उभा राहतो, आणि तात्पुरत्या गोठ्याइतक्या फटी कुठल्याच गोठ्यात नसतात. भाड्याच्या जागेवर गाई ठेवणाऱ्याला सिमेंटचा खर्च परवडत नाही, सायपरमेथ्रिनची बाटली परवडते. पक्क्या गोठ्यासाठी अनुदानाच्या योजना आहेत, पण जागा स्वतःच्या नावावर दाखवता आली नाही तर त्यांचा लाभ मिळणे कठीण. हलवता येतील असे लोखंडी सांगाडे, गुळगुळीत पत्र्याच्या गव्हाणी आणि भाडेकरू पशुपालकालाही मिळेल अशी मदत, एवढे झाले तरी हायलोमाचा आसरा पुष्कळ कमी होईल. तोवर माणच्या गोठ्यांत औषधांची मात्रा वाढत राहणार, आणि तिचा अंश दुधातून त्याच सोसायट्यांच्या स्वयंपाकघरांत पोचत राहणार.